'आजन्म' तेल आणि पंधरा वर्षांची गाडी

मोटारीबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका हा आपल्याकडच्या न वाचल्या जाणाऱ्या वाङ्मयाचा एक ठळक नमुना आहे. डॅशबोर्डच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली ती पडून असते आणि गाडी विकली की तशीच कोरी करकरीत नव्या मालकाच्या हाती जाते. या पुस्तिकेत देखभालीचा एक तक्ता असतो. इंजिन ऑइल इतक्या किलोमीटरला बदला, एअर फिल्टर इतक्याला, कूलंट इतक्याला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलापुढे मात्र कित्येक गाड्यांच्या तक्त्यात रकाना मोकळा असतो, किंवा 'लाइफटाइम' एवढा एकच शब्द असतो. आजन्म! कारखान्यात एकदा भरले की पुन्हा बघायला नको. शब्द मोठा सुखाचा आहे. पण जन्म कोणाचा? गाडीचा, गिअरबॉक्सचा, की वॉरंटीचा? याचा खुलासा पुस्तिकेत नसतो.

हा प्रश्न आज विचारण्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत जुनी गाडी हा सरकारी धोरणाचा विषय झाला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षे पूर्ण केलेल्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपयांवर गेले. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही असे ठरले. लोक इतके बिथरले की काही दिवसांतच तो निर्णय थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून सक्तीची कारवाई नको असे सांगितले आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण 'बीएस-४' व त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. हा सगळा वाद वयाचा आणि धुराचा आहे, आणि तो महत्त्वाचा आहेच. पण मध्यमवर्गीय घरातली जुनी गाडी घराबाहेर जाते ती बहुतेक वेळा न्यायालयाच्या आदेशाने नव्हे. ती जाते सर्व्हिस सेंटरमधून आलेल्या खर्चाच्या अंदाजपत्रकाने. आणि ऑटोमॅटिक गाडीच्या बाबतीत त्या अंदाजपत्रकातली सर्वांत मोठी ओळ गिअरबॉक्सची असते.

आपल्याकडे ऑटोमॅटिक गाडी ही फार काळ चैनीची वस्तू समजली गेली. नव्वदच्या दशकात झेन आणि एस्टीमच्या ऑटोमॅटिक आवृत्त्या आल्या, तेव्हा 'पायाला काम नको म्हणून जादा पैसे कोण देणार?' असाच सूर होता. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शहरांतली वाहतूक अशी काही तुंबली की डाव्या पायाच्या कष्टांची किंमत लोकांना कळू लागली. गुडघे दुखणारे, साठी उलटलेले, लेकरांना शाळेत सोडून कचेरी गाठणाऱ्या आया, अशांनी या गाड्या घेतल्या. त्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. मालक त्यांना जपतात. एकच तक्रार हळूहळू सगळीकडून ऐकू येते: गिअर बदलताना गाडी झटका देते.

झटका का बसतो हे समजण्यासाठी त्या पेटीत काय चालते ते थोडे पाहिले पाहिजे. साध्या गाडीत इंजिन आणि चाके यांच्यामध्ये क्लचची तबकडी असते. आपण पायाने ती सोडतो आणि हाताने गिअर टाकतो. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिक गाडीत त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर दोन पंखे ठेवले, एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल असते, एवढाच फरक. इंजिन एका बाजूचा पंखा फिरवते, त्याने फेकलेले तेल दुसऱ्या बाजूचा पंखा फिरवते आणि गाडी पुढे सरकते. सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी राहूनही इंजिन बंद पडत नाही ते यामुळेच.

त्यापुढे गिअर बदलण्याचे कामही तेलच करते. पंपाने दाब दिलेले तेल बारीक बोळांच्या एका चक्रव्यूहातून फिरते. कोणत्या बोळात किती दाब जायचा हे झडपा ठरवतात आणि त्या दाबाने आतल्या छोट्या क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळल्या किंवा सोडल्या जातात. शिवाय तेच तेल दातांना वंगण देते, उष्णता वाहून नेते आणि चकत्यांमधले घर्षणही सांभाळते. हे शेवटचे काम सर्वांत नाजूक. चकत्या घसरता कामा नयेत आणि एकदम चिकटताही कामा नयेत. एका क्षणाच्या काही भागात त्यांनी मऊपणे एकमेकींना धरायचे असते. त्यासाठी तेलात खास द्रव्ये घातलेली असतात. उष्णतेने तेल जुने होते तशी ही द्रव्ये झिजतात, तेलात बारीक कण मिसळतात, झडपा जड चालू लागतात. मग पकड मऊ राहत नाही. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना मागून कोणी ढकलल्यासारखे होते तो हा प्रकार.

या घर्षणद्रव्यांचा इतिहास मोठा विलक्षण आहे. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 'हायड्रा-मॅटिक'. जनरल मोटर्सने तो १९३९ साली आणला. त्यासाठी खास तेलाचा दर्जा त्या कंपनीने १९४९ मध्ये ठरवून दिला. या तेलाला मऊपणा आणण्यासाठी पुढची दोन दशके जे घालत असत ते होते देवमाशाचे तेल! स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाचे तेल उष्णतेत टिके आणि चकत्यांना नेमकी हवी तशी पकड देई. १९७० मध्ये अमेरिकेने हा मासा संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातला आणि तेल कंपन्यांना पर्याय शोधावा लागला. आज वापरतात ती द्रव्ये प्रयोगशाळेत बनवलेली असतात. सांगायचा मुद्दा असा की, ज्या एका गुणासाठी माणसाने समुद्रातले प्राणी मारले, तो गुण त्या लाल तेलात मुळातच नाशवंत आहे. त्याला 'आजन्म' म्हणणे हे रसायनशास्त्राला धरून नाही.

मग म्हणतात का? याचे एक उत्तर गिअरबॉक्स बनवणाऱ्यांकडूनच मिळते. झेडएफ ही जर्मन कंपनी अनेक नामांकित मोटारींना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. मोटार कंपन्या ज्या तेलाला आजन्म म्हणतात, ते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा उशिरात उशिरा आठ वर्षांनी बदला, असा या गिअरबॉक्सवाल्यांचा सल्ला आहे. पेटी बनवणारा म्हणतो बदला. ती गाडीत बसवून विकणारा म्हणतो गरज नाही. दोघांच्या हिशेबात फरक आहे तो मुदतीचा. नवी गाडी विकताना 'देखभालीचा खर्च कमी' हे सांगता आले पाहिजे आणि पहिल्या मालकाच्या चार-पाच वर्षांत तेल खरोखरच काही त्रास देत नाही. त्रास होतो तो दुसऱ्या मालकाला, किंवा गाडी पंधरा वर्षे जपणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्या चिकट मालकाला. माझ्या मते यात कोणाचे कारस्थान शोधण्याची गरज नाही. ज्याला गाडी पाच वर्षांपुरतीच दिसते त्याने लिहिलेली ती पुस्तिका आहे. पण युरोपातल्या मोकळ्या रस्त्यांचा हिशेब पुण्या-ठाण्याच्या मे महिन्यातल्या वाहतुकीला लावला तर काय होईल? तेलाचे तापमान दहा अंशांनी वाढले की ते खराब होण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. ज्या रस्त्यावर गाडी तासात आठ किलोमीटर जाते, तिथे किलोमीटर मोजून तेलाचे वय ठरत नाही.

आमच्या घरची गाडी २०१० सालची, चार गिअरांची, ऑटोमॅटिक. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. पत्नीच्या गुडघ्यांमुळे ती घेतली आणि ९६ हजार किलोमीटर तिने बिनतक्रार काढले. २०२५ च्या उन्हाळ्यात गाडी तापली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका बसू लागला आणि रिव्हर्स टाकला की खाली धप्पकन आवाज येई. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी कागद हाती आला: गिअरबॉक्स पूर्ण बदलणे, १ लाख ६५ हजार रुपये अधिक कर. त्या दिवशी बाजारात ती गाडी दीड लाखाला गेली असती तर नशीब. तेल बदलून पाहता येणार नाही का, असे मी विचारले. 'सर, हे लाइफटाइम असतं, आमच्या सिस्टिममध्ये तो जॉबच नाही,' असे त्या मुलाने अगदी नम्रपणे सांगितले. तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या संगणकात खरोखरच ते काम नसावे.

पुढच्या आठवड्यात नाना पेठेजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथले मेकॅनिक पन्नाशीचे. त्यांनी आधी गाडी चालवून पाहिली, स्कॅनर लावला, मग गाडी वर घेऊन खालचा बोल्ट सैल केला. बाहेर आलेले तेल पाहून ते एवढेच म्हणाले, 'साहेब, हे तेल आहे की काढा?' नवे तेल डाळिंबाच्या रसासारखे लाल होते. हे काळपट तपकिरी. चेंबर उघडल्यावर आतल्या चुंबकांवर राखाडी चिखल बसलेला दिसला. 'हा चिखल चालतो. धातूचे चकचकीत तुकडे असते तर मी चेंबर परत लावून तुम्हाला घरी पाठवलं असतं.' निदान कसे असावे याचा यापेक्षा चांगला नमुना मी पाहिलेला नाही.

यानंतरचा हिशेब वाचकांनी नीट पाहावा, कारण बहुतेकांची निराशा इथेच होते. आमच्या गाडीत एकूण सहा लिटर तेल बसते. बोल्ट उघडल्यावर निघते ते जेमतेम अडीच लिटर. बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरच्या आणि नळ्यांच्या पोटात राहते. म्हणजे एकदा तेल बदलले तर पेटीत नवे तेल फक्त ४२ टक्के, बाकीचा तो काढाच! पाचशे-सातशे किलोमीटर चालवून पुन्हा अडीच लिटर बदलले की नवे तेल ६६ टक्के होते आणि तिसऱ्या खेपेला ८० टक्के. यंत्राने सगळे तेल एकदम ढकलून काढण्याचीही पद्धत आहे, पण पंधरा वर्षांच्या पेटीला ती जबरदस्ती नको, असे आमच्या मेकॅनिकचे मत पडले आणि मला ते पटले. तीन खेपांचे साडेसात लिटर तेल, फिल्टर, गॅस्केट आणि मजुरी मिळून साडेनऊ हजार रुपये झाले. पहिल्या खेपेला फरक नावापुरता होता. तिसऱ्या खेपेनंतर तिसरा गिअर कधी पडला ते कळेनासे झाले. रिव्हर्सचा धप्प आवाज मात्र जसाच्या तसा राहिला, कारण त्याचा तेलाशी काही संबंधच नव्हता; गिअरबॉक्स ज्या रबरी माउंटिंगवर बसतो ते फाटले होते. ते बदलल्यावर आवाज थांबला.

यावरून प्रत्येक झटक्यावर तेल हेच औषध, असे कोणी समजू नये. चकत्यांचे अस्तर संपले असेल, तेलाला जळका वास येत असेल आणि इंजिन गरगरूनही गाडी ओढत नसेल, तर नव्या तेलाने काही होणार नाही. 'जुन्या पेटीचे तेल बदलले की पेटी बसते' हा गॅरेजांमधून ऐकू येणारा समज यातूनच आला असावा. लोक तेल बदलायला जातात तेच मुळी पेटी शेवटच्या घटका मोजू लागल्यावर. मग ती बसली की दोष तेलाच्या माथी. मृत्युपूर्वी डॉक्टर येऊन गेले म्हणून डॉक्टरांनी मारले, अशातला हा प्रकार. वेळीच बदललेल्या तेलाने निरोगी पेटी बिघडत नाही.

दुसरा धोका शब्दाचा आहे. आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली आज चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात. २०१४ मध्ये सेलेरिओपासून लोकप्रिय झालेली एएमटी ही खरे तर साधीच गिअरची गाडी. त्यात क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम आपल्याऐवजी एक यंत्र करते. गिअर बदलताना तिथे क्षणभर इंजिनची ओढ तुटते आणि प्रवाशांच्या माना डोलतात. हा त्या रचनेचा स्वभाव आहे, वर सांगितलेल्या लाल तेलाचा तिथे प्रश्नच येत नाही. सीव्हीटीमध्ये गिअरच नसतात, दोन पुलींवर पोलादी पट्टा फिरतो आणि त्याचे तेल पूर्ण वेगळ्या जातीचे असते. त्यात लाल तेल ओतले तर पेटीचे नुकसान ठरलेले. दोन क्लचवाल्या पेट्यांचे शास्त्र आणखी निराळे. शेजाऱ्यांच्या गाडीला जे लागू पडले ते आपल्या गाडीत ओतू नये. डबीवर 'सर्व गाड्यांसाठी' लिहिले असले तरीही. नेमके कोणते तेल, किती, आणि कोणत्या तापमानाला त्याची पातळी मोजायची, हे कागदावर पाहूनच काम करावे लागते. इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवर, ठरलेल्या तापमानाला पातळी पाहायची असते. तेल कमी पडले तर पंप हवा ओढतो, जास्त झाले तर तेलाला फेस येतो, आणि दोन्हींनी पुन्हा झटकेच बसतात.

आणि तो कागद कुठे मिळतो? हा या विषयाचा खरा गाभा आहे. आमच्या मेकॅनिकांकडे गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेची काही पाने होती. कुठल्याशा जुन्या सहकाऱ्याकडून आलेल्या झेरॉक्सची झेरॉक्स. तीस वर्षे हात काळे केलेल्या माणसाला चार ओळींची माहिती अशी चोरून मिळवावी लागते. कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न नवा नाही. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या चौकशीनंतर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २ हजार ५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग, तपासणीची साधने आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे हा स्पर्धेचा भंग आहे, असे आयोगाचे म्हणणे होते. हे सगळे खुल्या बाजारात उपलब्ध करा आणि गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्याच कारणावरून वॉरंटी नाकारू नका, असा आदेशही त्यात होता. प्रकरण अर्थातच अपिलात गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी एक पोर्टल सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही त्याची चार क्षेत्रे. पाऊल चांगले आहे. मात्र पोर्टलवर कंपनीने काय ठेवायचे हे कंपनीच्या मर्जीवर सोडले, तर तिथे सर्व्हिस सेंटरांचे पत्ते मिळतील आणि पातळी मोजायचे तापमान मिळणार नाही.

मोडीत काढण्याच्या धोरणाशी याचा संबंध सरळ आहे. त्या धोरणाच्या कागदावर वयापेक्षा तंदुरुस्तीला महत्त्व दिले आहे; स्वयंचलित केंद्रात चाचणी घ्यायची, नापास झाली तर गाडी मोडायची. हे तत्त्व मला मान्य आहे. धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावर नकोच. पण जी गाडी त्या चाचणीत सहज पास होईल, ती केवळ साडेनऊ हजारांचे काम कोणाच्या संगणकात नाही म्हणून भंगारात जात असेल, तर तिच्याबरोबर शेकडो किलो पोलाद, ॲल्युमिनियम, काच आणि ते घडवायला लागलेली ऊर्जाही अकाली मोडीत निघते. नवी गाडी कितीही स्वच्छ असली तरी तिच्या निर्मितीचा धूर आधीच आकाशात गेलेला असतो. जुन्याचा मोह म्हणून मी हे लिहीत नाही. हिशेब म्हणून लिहितो. खाली काढलेल्या काळ्या तेलाचाही हिशेब त्यातच आला. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. पेठेतल्या गटारात नव्हे.

सरकारने नवा कायदा करण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. गाडीच्या नोंदणीबरोबर प्रत्येक मॉडेलच्या देखभालीचा पूर्ण तक्ता, तेलाची जात, प्रमाण आणि पातळीची पद्धत यांसह, जाहीर करणे कंपन्यांना बंधनकारक करावे आणि 'आजन्म' हा शब्द वापरायचा असेल तर त्यापुढे वर्षे आणि किलोमीटर आकड्यांत लिहायला लावावेत. २०१४ चा आदेश ज्या दिशेने होता, त्याच दिशेचे हे एक पान आहे. ते छापायला कोणत्याही कंपनीला फार खर्च येणार नाही.